प्रक्षिप्त की विक्षिप्त? मार्कच्या सोळाव्या अध्यायावरचा एक उपदेश आणि त्यानंतरचे पाच महिने

चर्चच्या मंडळीत सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजच्या, विद्यार्थ्याला सगळे 'ब्रदर' म्हणतात. खरं नाव कळेपर्यंत दोन-तीन रविवार जातात आणि तोवर ब्रदरच तोंडात बसलेलं असतं. मीही इथे त्याला ब्रदरच म्हणणार आहे. मंडळीचं आणि सेमिनरीचं नाव देत नाही. लिहिलेलं ब्रदरला आणि मावशींना आधी वाचून दाखवलं. ब्रदर थोडा अवघडला, पण 'लिहा' म्हणाला. मावशींनी एक चूक काढली, ती पुढे येईल.

मी निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. पुण्यात येरवड्याच्या बाजूला एक लहान मराठी मंडळी आहे, साठेक घरांची. बरीचशी माणसं नगर-जालन्याकडून कामासाठी आलेली. तिथे पूर्णवेळ पाळक नाहीत, म्हणून महिन्यातले दोन रविवार मी उपासना चालवतो आणि मंडळीसेवेसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवतो. वर्षाअखेर त्यांच्या मूल्यमापनाचा फॉर्म भरून द्यायचा, एवढंच माझं अधिकृत काम.

पाळक व्हायला पुण्यात देशभरातून मुलं येतात. रामवाडीला कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. १८९३ साली श्रीलंकेत कँडीला निघालेलं सेमिनरी १९५५ मध्ये इथे आलं, त्याचं हे आजचं रूप. बिबवेवाडीला प्रॉटेस्टंटांचं युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ते १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात हललं. याशिवाय लहानमोठी बायबल कॉलेजं आहेत. प्रॉटेस्टंट मुलांपैकी पुष्कळांची पदवी सेरामपूरच्या सिनेटची असते. केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली बंगालमध्ये काढलेल्या कॉलेजाला डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये सनद दिली, त्या सनदेतून आलेला हा पदव्या देण्याचा अधिकार. आमच्या नगरकडच्या माणसांना सेरामपूर म्हटलं की साखर कारखान्यांचं श्रीरामपूर आठवतं. ब्रदरची आजी तर शेवटपर्यंत सांगायची, "नातू पुण्यात राहतो, पण परीक्षा श्रीरामपूरची देतो."

ब्रदर नेवासे तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेब लिहायचे. गावच्या मंडळीने शिफारस केली, जिल्ह्याच्या समितीने मुलाखत घेतली आणि चार वर्षांच्या बी.डी.ला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीला, तो पुण्यात आला. वर्गात नागालँड, मिझोराम, केरळ, ओडिशाची मुलं. शिकवणं इंग्रजीत, सकाळची उपासना इंग्रजीत, मेसमधली भांडणं हिंदीत. मराठी फक्त घरच्या फोनपुरती. पहिल्या वर्षी तो दोन विषयांत नापास झाला. दुसऱ्या वर्षी ग्रीकने त्याला हात दिला. ग्रीक सगळ्यांनाच परकी, त्यामुळे तिथे तो कोणाच्या मागे नव्हता. 'गार' हा शब्द ग्रीकमध्ये 'कारण' या अर्थी येतो. मास्तरांनी फळ्यावर तो लिहिला की वर्गातला एकटा मराठी मुलगा हसायचा आणि बाकीचे बघत राहायचे, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. मला ते फार आवडलं होतं. हा 'गार' पुढे पुन्हा येणार आहे.

आमच्याकडे तो आला तिसऱ्या वर्षी. शनिवारी दुपारी बसने यायचा, संध्याकाळी तरुण संघ, रविवारी सकाळी संडेस्कूल, मग उपासनेत शास्त्रवाचन. पेटी बरी वाजवायचा. डिसेंबरपर्यंत म्हाताऱ्या बायका त्याच्यासाठी डबा आणायला लागल्या होत्या. मंडळीत याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

तो रविवार

पुनरुत्थानाच्या सणानंतरचा (ईस्टरनंतरचा) पहिला रविवार. मला नगरला एका लग्नाला जायचं होतं. मी ब्रदरला म्हटलं, उपदेश तू कर. विषय विचारला नाही, टिपणं पाहिली नाहीत. तिसऱ्या वर्षाचा मुलगा, सणानंतरचा रविवार, करेल काहीतरी रिकाम्या कबरेवर, असं धरून चाललो.

त्याने बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाचा, सोळावा अध्याय घेतला. त्याच महिन्यात त्याने वर्गात नव्या कराराच्या हस्तलिखितांवर निबंध लिहिला होता आणि त्याला 'ए' मिळाला होता, सेमिनरीतला पहिला. डोकं त्यानेच भरलेलं. निबंधातला मुद्दा असा, आणि तो खरा आहे: मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या, म्हणजे नऊ ते वीस, सगळ्यात जुन्या दोन मोठ्या ग्रीक प्रतींमध्ये नाहीत. एक सिनायच्या मठात सापडलेली, दुसरी व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली. दोन्ही चौथ्या शतकातल्या. तिथे शुभवर्तमान आठव्या ओवीवरच थांबतं. बायका कबरेपासून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. ग्रीकमधला शेवटचा शब्दच मुळी 'गार'. नंतरच्या बहुतेक प्रतींमध्ये पुढचा भाग आहे आणि तोही काही काल-परवाचा नव्हे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनियसला तो माहीत होता. तरी शैली आणि शब्द पाहता तो मार्कच्या हातचा नसावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

ब्रदरने हे सगळं वीस मिनिटांत सांगितलं. मोबाइलवर रेकॉर्ड झालेलं मी नंतर ऐकलं. चूक अशी एकही नव्हती. इरेनियसचं सालसुद्धा बरोबर. पण हे मराठीत कसं बोलतात ते त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं. इंग्रजी निबंध समोर ठेवून तो जागच्या जागी मराठी करत होता आणि अडलं की शब्दकोशातला शब्द काढत होता. "हा परिच्छेद प्रक्षिप्त आहे," म्हणजे मागाहून घातलेला, असं तो तीनदा म्हणाला. तिसऱ्या वेळी आवाज जरा चढलेलाही आहे. पुढे, "म्हणून सर्प उचलण्याची आणि दुखणाइतांवर हात ठेवण्याची वचनं आपण मूळ शुभवर्तमानाचा भाग समजू शकत नाही." मग स्तोत्र, अर्पण, आशीर्वाद.

दुपारी मला नगरला फोन आला. मंडळीचे खजिनदार. "पाळकसाहेब, सलाम. ब्रदर म्हणतो बायबलमध्ये विक्षिप्त वचनं आहेत."

मी लग्नाच्या पंगतीत होतो. हसू आलं, पण फार वेळ नाही.

कागद

मावशी आमच्या मंडळीतल्या, पोळी-भाजीचे डबे करतात. त्यांचे यजमान, काका, पूर्वी भोसरीला लेथवर होते. आता दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालतं. घर दोन खोल्यांचं. काकांच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर दोन कागद चिकटवलेले होते. एकावर मोठ्या मुलाच्या हातचं, स्केचपेनने: 'पाणी दिवसाला १ लिटर. चहा, आमटी, ताक यातच.' खाली स्टीलची बाटली, तिला निळ्या रंगाची खूण. दुसऱ्या कागदावर मावशींच्या स्वतःच्या अक्षरात: 'दुखणाइतांवर हात ठेवले म्हणजे ते बरे होतील. मार्क १६:१८.' मी आधी लिहिलं होतं की हा कागद कॅलेंडरच्या मागचा. मावशींनी दुरुस्त केलं, वीजबिलाच्या मागचा.

उपासनेनंतर त्या ब्रदरशी बोलल्या नाहीत, डबाही न देताच गेल्या. मंगळवारी रात्री त्यांनी त्याला फोन केला. त्याने तो संवाद माझ्यासाठी व्हर्बेटिम म्हणून लिहून काढला. व्हर्बेटिम हा प्रकार पाळकीय प्रशिक्षणात नेहमीचा. भेट झाली की आठवेल तसं, शब्दाला शब्द लिहायचं, स्वतःला सोयीचं गाळायचं नाही, मग मार्गदर्शकासमोर ठेवायचं. अमेरिकेत अँटन बॉयसन या पाद्र्याने १९२५ साली मनोरुग्णालयात विद्यार्थी नेऊन ही दिशा घालून दिली. आजारी माणूस हाच वाचायचा ग्रंथ, असं तो म्हणायचा. ब्रदरच्या कागदातला मधला भाग असा:

मा. ३: ब्रदर, मी काढून टाकू का मग ती चिठ्ठी?
ब्र. ३: मावशी, तसं नाही. म्हणजे मुळात ते मार्कने लिहिलेलं नाही, एवढंच.
मा. ४: मग कुणी लिहिलंय?
ब्र. ४: ते माहीत नाही.
मा. ५: माहीत नसलेल्या माणसाचं मी तीन वर्षं भिंतीला लावलंय म्हणा की.
ब्र. ५: (काही बोललो नाही.)
मा. ६: रोज हात ठेवते मी त्यांच्या डोक्यावर. डबे करून झाले की. पोळ्यांचं पीठ हाताला असतं तसंच.
ब्र. ६: तुम्ही प्रार्थना करत राहा, मावशी.
मा. ७: कुठलं धरून करू ते सांगा.

इथे ब्रदरने फोन ठेवला. नेटवर्क गेलं, असं त्याने लिहिलं होतं. ते खोडून पुन्हा लिहिलं होतं: 'मी ठेवला.'

मी या कागदावर लाल पेनाने फक्त सहावी ओळ अधोरेखित केली. ब्र. ६ नव्हे, मा. ६.

कोणाचं काय म्हणणं

त्या आठवड्यात तीन म्हणणी पुढे आली. तिन्ही मांडतो, पण तिन्हींना सारखी जागा देणार नाही.

कमिटीचं म्हणणं जुनंच. सेमिनरीत पोरं विश्वास घेऊन जातात आणि शंका घेऊन येतात. एकाने सुचवलं, ब्रदरच्या गावच्या मंडळीला पत्र घालून शिफारस काढून घ्यायला लावू. हे म्हणणं ऐकूनच माझे केस पिकले आहेत. शंका सेमिनरीच्या बसमधून येत नाही. ती घरातच, पलंगाशेजारी असते. सेमिनरीत फार तर तिला नाव मिळतं.

ब्रदरच्या सरांना मी फोन केला. नव्या कराराचे अभ्यासक, सरळ माणूस. ते म्हणाले, "मग काय, खोटं सांगायचं? लोकांना कायम बाळबोधच ठेवायचं?" यात दम आहे. मी चाळीस वर्षं उपदेश केले, मार्क १६ वर एकदाही हा मुद्दा काढला नाही. माहीत असून. ब्रदरने एका रविवारी जे केलं ते करायचं धाडस मला झालं नाही, हे मला सरांशी बोलताना खुपलं. पण सरांनी पुढे आणखी एक वाक्य टाकलं: "मंडळी तयार नव्हती." ते मला पटलं नाही. मंडळी कशासाठी तयार नव्हती? हस्तलिखितं वेगवेगळी असतात हे कळायला? या गावात?

याच पुण्यात भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं महाभारताची संशोधित आवृत्ती तयार होत होती. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक देशभरातल्या पोथ्या ओळीला ओळ लावून ताडून पाहत होते. व्यासांचं महाभारत गणपतीने लिहून घेतलं ही कथा त्यात मूळ पाठातून निघून परिशिष्टात गेली. म्हणून पुण्यात गणपती बसायचे राहिले का? त्याहून मागे जायचं तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवतो, असं बजावलं. प्रक्षिप्त या शब्दाचा याहून सोपा अर्थ मराठीत कुठे मिळणार? शब्द होता, दृष्टान्त होता, परंपरा होती. ब्रदरच्या निबंधाच्या तळटिपांत मात्र त्यातलं काही असायचं कारणच नव्हतं.

आणि आपल्या घरातलंच उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई. पुण्याहून साठेक किलोमीटरवर केडगावला बसून या बाईने हिब्रू आणि ग्रीकमधून सगळं बायबल मराठीत आणलं. हाताशी असलेल्या भाषांतराची मराठी संस्कृतप्रचुर, मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना ती कळत नाही, म्हणून. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा हे काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. मूळ भाषा शिकायच्या त्या कोणासाठी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. केडगावच्या स्वयंपाकघरातली बाई समोर ठेवून त्या हिब्रू वाचत होत्या. ब्रदर ग्रीक वाचत होता तो परीक्षक समोर ठेवून. दोष त्याचा कमी. परीक्षक खरोखरच समोर होता, आणि मावशी बसने दीड तासावर.

हे माझं म्हणणं. त्यात माझा स्वतःचा वाटाही धरा: टिपणं न बघता मी लग्नाला गेलो होतो.

काय केलं

कमिटीला मी सांगितलं, ब्रदर चार रविवार पुलपिटवर चढणार नाही. त्यांना ती शिक्षा वाटली, मी तसं वाटू दिलं. ब्रदरला मात्र सांगितलं, दर बुधवारी दुपारी काकांबरोबर डायलिसिसला जायचं. मावशींना डब्यांची गडबड असते आणि मुलगा कामावर. रिक्षात चढवायला-उतरवायला माणूस लागतं. प्रार्थना करायलाच पाहिजे असं नाही. बायबल न्यायचं नाही, पाहिजे तर पेपर ने.

पहिल्या बुधवारी काका त्याच्याशी बोललेच नाहीत. दुसऱ्या बुधवारी मशीन चालू असताना त्यांनी त्याला लेथवर आटे कसे पाडतात ते समजावून सांगितलं. चार तास जातात म्हटल्यावर काहीतरी बोलावंच लागतं. तिसऱ्या बुधवारी परत आल्यावर मावशींनी चहा दिला. काकांना अर्धा कप, बाटलीवरच्या खुणेत धरून. त्या दिवशीचा व्हर्बेटिम माझ्याकडे आहे. सगळ्यात चांगला हाच.

मा. १: ब्रदर, ते जुन्या कागदात शेवट कुठे होतो म्हणालात?
ब्र. १: बायका कबरेकडून पळून जातात तिथे. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, असं आहे.
मा. २: का बरं?
ब्र. २: भ्याल्या होत्या.
मा. ३: (बराच वेळ काही नाही. पोळी लाटत होत्या.) डॉक्टर जानेवारीत मला बाजूला घेऊन बोलले. मी पोरांना नाही सांगितलं.
ब्र. ३: (काही बोललो नाही.)
मा. ४: कुणालाच नाही सांगितलं. भ्यालेच होते.
ब्र. ४: मला सांगितलंत.
मा. ५: तुम्ही रिक्षात बसवता ना त्यांना.

दोन व्हर्बेटिममध्ये ब्रदर 'काही बोललो नाही' असं दोनदा लिहितो. पहिल्या वेळी त्याला सुचत नव्हतं. दुसऱ्या वेळी त्याने मुद्दाम जागा सोडली. हा फरक परीक्षेत कसा तपासायचा ते मला कळत नाही, आणि फॉर्ममध्ये तसा रकानाही नाही.

त्याच भेटीत निघताना त्याने याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून दिला: कोणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. या भागाबद्दल कोणत्याही प्रतीत वाद नाही. तो आनंदाने मला म्हणाला, "सर, पर्यायी वचन मिळालं." मी म्हटलं, औषधाच्या दुकानात पर्यायी गोळी देतात तसं देऊ नकोस. पण दुसऱ्या शनिवारी कमिटीतले तिघं आणि मी जाऊन काकांना तेल लावून आलो. खोबरेल होतं. पत्र घालायला सांगणारे सद्‌गृहस्थ त्या तिघांत होते.

शनिवारचा वर्ग

चार रविवार संपल्यावर ब्रदरला पुन्हा उपदेशाला उभं करण्याआधी आम्ही शनिवारी संध्याकाळी एक वर्ग ठेवला: बायबल आपल्यापर्यंत कसं आलं. अकरा माणसं आली. ब्रदरने माझं ऐकून एकनाथ आणि भांडारकर संस्थेपासून सुरुवात केली, आणि मी किती चुकलो ते तिथेच दिसलं. मागून एक तरुण उठला. "ज्ञानेश्वरी आणि पवित्र शास्त्र एका पारड्यात कशाला तोलता?" दोघं-तिघं मान डोलवायला लागले. माझ्यासारख्या वाचणाऱ्या म्हाताऱ्याला जो दृष्टान्त घरचा वाटतो, तो खोलीतल्या प्रत्येकाला घरचा नसतो. ब्रदर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

तेव्हा मंडळीचे सेक्रेटरी बोलले. हे भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. उभी हयात नकला काढण्यात आणि ताडून पाहण्यात गेली. ते म्हणाले, "ब्रदर, थांबा. जुना उतारा काढला तर त्यात बारा ओव्यांची नोंद नाही. नंतरच्या उताऱ्यात आहे. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे मधे कधीतरी फेरफार झालाय. कुणाच्या सहीने ते कळत नाही, पण झालाय खूप जुना आणि सगळ्यांनी तो मान्य धरलाय."

"हो."

"मग बाकीची जमीन तर जागेवरच आहे ना? एका फेरफाराने अख्खा सातबारा खोटा ठरत नाही. आणि फेरफारात नाव लागलेला वारस असूही शकतो. चौकशी करायची असते, कागद फाडायचा नसतो."

खोलीत ज्यांची गावाकडे जमीन आहे ते सगळे हसले, म्हणजे सगळेच. मग प्रश्न सुरू झाले ते साडेनऊपर्यंत. दुसऱ्या कोणत्या ओव्या अशा आहेत? योहानातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट जुन्या प्रतींत नाही, हे ब्रदरने तिथे सांगून टाकलं. मी श्वास रोखला. सेक्रेटरी म्हणाले, "तोही फेरफार का? पण वारस तिथला वाटतोय." पुढचं मला काही करावं लागलं नाही.

ब्रदरने वहीत सेक्रेटरींचे शब्द लिहून घेतले. शेवटच्या वर्षी उपदेशशास्त्राच्या पेपरात त्याने सातबाऱ्याचा दृष्टान्त इंग्रजीत घातला, आणि परीक्षक केरळचे निघाल्यामुळे सातबारा म्हणजे काय हे समजावणारी सहा ओळींची तळटीप द्यावी लागली. ते मला त्याने फार खुशीत सांगितलं. तळटीप आता उलट्या बाजूने लागत होती.

जे झालं नाही

सगळं निस्तरलं असं नाही. दोन घरं आमच्याकडे येणं बंद झाली. नगर रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये फेलोशिप भरते, तिथे जातात. त्यातल्या एका घरातली मुलगी ब्रदरच्या संडेस्कूलला होती. ब्रदर दोनदा जाऊन आला, दाराशीच बोलून परतला. मी एका घरी गेलो, दुसऱ्या घरी अजून गेलेलो नाही. तिथले आजोबा मला विचारणार, "पाळकसाहेब, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं का?" आणि त्याचं उत्तर हो आहे.

ब्रदरच्या गावी पत्र गेलं नाही, पण बातमी गेली. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांनी त्याला विचारलं, "तू मार्क फाडला म्हणे?" तो म्हणतो, तिथे त्याने काहीच शिकवलं नाही. वडिलांना घेऊन विहिरीवर गेला, बसला, आणि मावशींची गोष्ट सांगितली. वडिलांनी शेवटी एवढंच विचारलं, रिक्षाचे पैसे कोण देतं?

मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये 'उपदेश' या रकान्यापुढे मी 'बी' लिहिला. सरांनी फोन करून विचारलं, इतकं सगळं झाल्यावर 'बी' का? मी म्हटलं, त्या रविवारचा उपदेश अजून 'सी'च आहे, पुढचा एक 'ए' होता, सरासरी काढली. 'घरभेटी'पुढे काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही.

काका अजून डायलिसिसवर आहेत, आता आठवड्यातून तीनदा. बुधवारी दुसरा विद्यार्थी जातो. तो ओडिशाचा, त्याला मराठी येत नाही, आणि काका त्याला लेथची भाषा शिकवतात. भिंतीवर परवा मला तीन कागद दिसले. पाण्याचा तसाच आहे, फक्त १ लिटर खोडून पाऊण केलंय. वीजबिलाच्या मागचा जागेवरच आहे. तिसरा मावशींच्या अक्षरात, नवीन: 'त्या भ्याल्या होत्या. मार्क १६:८.' तो दोघांच्या मधे लावलाय, आणि टेप कमी पडली म्हणून एका कोपऱ्याला कणीक आहे.